चाळीसचा ड्राइव्ह साडेपाचचा दिसतो तेव्हा : धरणगाव भागातल्या एका जिनिंगमधलं प्रकरण

धरणगाव तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याच्या) वजनकाट्यावर जुना पेंटियम फोर कॉम्प्युटर होता. त्यात विंडोज ९८, त्यावर डॉसमध्ये चालणारा फॉक्सप्रोचा काट्याचा प्रोग्रॅम आणि काट्याच्या इंडिकेटरमधून सिरियल पोर्टला आलेली एक वायर. कापसाची भरलेली गाडी काट्यावर चढली की वजन पडद्यावर येतं. गाडी खाली होऊन परत आली की निव्वळ वजन निघतं आणि डॉट मॅट्रिक्सवर काटा पावती छापली जाते. हे सगळं इतकी वर्षं बिनबोभाट चाललं, की बदलायचा विषय कोणी काढलाच नाही.

हंगाम संपला की काट्याच्या खोलीला कुलूप लागतं, ते दसऱ्याच्या सुमारास उघडतं. यंदा उघडल्यावर एका पोऱ्याने ब्लोअरने कॉम्प्युटर साफ केला. सरकीची धूळ आणि रुईचे तंतू आतपर्यंत बसलेले असतात, त्यामुळे साफ करणं बरोबरच होतं. ते करताना त्याने बरीच वर्षं बंद असलेला सीडी ड्राइव्हही काढून बाजूला ठेवला. मशीन चालू केल्यावर सीमॉस (बोर्डावर बॅटरीच्या जोरावर जपलेली सेटिंग) चेकसम एररची ओळ आली. मग बराच वेळ काहीच हललं नाही, आणि शेवटी 'प्रायमरी मास्टर'पुढे, म्हणजे मुख्य ड्राइव्हच्या जागी, 'नन' : काहीच नाही. खाली नेहमीचं 'डिस्क बूट फेल्युअर'.

शहरातल्या एका दुकानात हा ४० जीबीचा आयडीई (रुंद पट्टीच्या केबलचा, जुन्या पद्धतीचा) ड्राइव्ह यूएसबी कन्व्हर्टरला लावून पाहिला. काही दिसलं नाही. 'ड्राइव्ह मेला, डेटा रिकव्हरीला पुण्याला पाठवा' असं सांगून त्यांनी तो परत दिला.

पाठवायला हरकत नव्हती, पण खर्च मोठा आणि वेळ थोडा होता. जिनिंगच्या मालक असलेल्या दोन भावांची वाटणी चालू होती. मागच्या हंगामांचं वजनाचं खातं फक्त याच ड्राइव्हवर होतं. बॅकअप फ्लॉपीवर घेतलेला होता आणि त्यातली एकही फ्लॉपी वाचता येत नव्हती. मी मशीन बघायला गेलो तेव्हा मुनीम अप्पा मला म्हणाले, "बाकी तुनं ते मशीन ऱ्हाऊ दे. डाटा शे का नही, इतलंच सांग भो."

ड्राइव्ह दिसत नाही अशी तक्रार आली की मी 'काय झालं' हे विचारतच नाही. शेवटचं नीट चाललं त्यानंतर मशीनमध्ये काय काय बदललं, ते विचारतो. इथे बदललेल्या गोष्टी निघाल्या त्या अशा: सीडी ड्राइव्ह काढला, डेटा केबल उपटून परत बसवली, मशीन कित्येक महिने बंद होतं आणि सीमॉसची बॅटरी बसली. नुसत्या वयाने मेलेल्या ड्राइव्हचं प्रकरण इतकं भरगच्च सहसा नसतं.

बॅटरी

सगळ्यांचा पहिला संशय बॅटरीवर जातो, कारण पडद्यावर पहिली ओळ तिचीच असते. सीआर२०३२ चं बटण सेल ३ व्होल्टचं असतं, हे मीटरवर २ च्याही खाली गेलं होतं. नवं टाकलं, चेकसमची ओळ गेली, 'नन' तसंच राहिलं. ते अपेक्षितच होतं. ४८६ च्या काळात ड्राइव्हचे सिलिंडर, हेड, सेक्टर हाताने भरावे लागायचे, तेव्हा बॅटरी गेली की ड्राइव्ह खरंच गायब व्हायचा. पेंटियम फोरच्या बोर्डांवर डिफॉल्ट सेटिंग बहुधा 'ऑटो' असतं, बोर्ड स्वतःच ड्राइव्हला विचारून घेतो. तेव्हा इथली बॅटरी ड्राइव्ह न दिसण्याला जबाबदार नव्हती. तिने वेगळाच घोळ घातला होता, तो पुढे निघाला.

आवाज

बॅटरीनंतर मी ड्राइव्ह हातात धरून मशीन चालू केलं. बायोसचा (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या, बोर्डातल्या प्रोग्रॅमचा) पडदा जे सांगत नाही ते हाताला कळतं. मोटर फिरतच नसेल तर प्रश्न वीज, सर्किट बोर्ड किंवा जाम झालेल्या स्पिंडलचा. फिरून टक-टक येत असेल तर हेडचा, आणि तिथे घरगुती उपाय ताबडतोब थांबवायचे. शांतपणे फिरत असूनही दिसत नसेल तर केबल, जंपर (ड्राइव्हच्या मागच्या पिनांवर बसणारी छोटी टोपी), बायोस यांच्याकडे बघायचं.

इथे चौथाच प्रकार निघाला. मोटर वेग घ्यायची, मध्येच आवाज खाली यायचा, मग परत वर चढायचा. ड्राइव्हला वीज देणाऱ्या मोलेक्स प्लगच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीत मीटर घातला तर सुरू होतानाच्या क्षणी १२ व्होल्टचे ११.१ होत होते. मर्यादा पाच टक्के वरखाली, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. ३.५ इंची ड्राइव्ह फिरायला लागताना १२ व्होल्टच्या लाइनवरून दीड-दोन अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो आणि एकदा फिरू लागला की फार कमी. त्यामुळे थकलेला एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) बाकी सगळं चालवतो आणि नेमका त्या पहिल्या काही सेकंदांत मान टाकतो. हा उघडला तर पंख्यात रुईचा गोळा आणि दोन कपॅसिटर फुगलेले. पत्र्याच्या खोलीत, ४५ अंशांचे उन्हाळे काढलेल्या एसएमपीएसकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच.

अशा मशीनची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. गार असताना चालू केलं तर ड्राइव्ह दिसत नाही, पण लगेच कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं तर दिसतो. कारण तोवर प्लेट फिरत असते आणि बायोसला वाट पाहावी लागत नाही. हे जमत असेल तर ड्राइव्हला उशीर होतोय, तो मेलेला नाही. काही बायोसमध्ये हार्ड डिस्कसाठी काही सेकंद थांबण्याचं सेटिंग असतं, ते वाढवून आणि क्विक बूट बंद करूनही काम भागतं. इथे मात्र कंट्रोल-ऑल्ट-डिलीटनेही काही दिसलं नाही. सोबत नेलेला चांगला एसएमपीएस जोडला, मोटर एका दमात वर गेली, तरी पडद्यावर 'नन'च.

जंपर

एका आयडीई केबलवर दोन ड्राइव्ह बसतात, एक मास्टर आणि एक स्लेव्ह. कोण कोण हे ड्राइव्हच्या मागच्या जंपरने ठरतं, किंवा जंपर 'केबल सिलेक्ट'वर असेल तर केबलवरच्या जागेने. बहुतेक कंपन्यांच्या ड्राइव्हवर मास्टर म्हणजे मास्टर. काहींच्या जुन्या ड्राइव्हवर मात्र दोन वेगळ्या जागा असतात: 'एकटा' आणि 'स्लेव्हसोबत मास्टर'. दुसऱ्या जागेवर जंपर असलेला ड्राइव्ह सुरू होताना आपल्या स्लेव्हची वाट बघत बसतो.

या ड्राइव्हचा स्लेव्ह म्हणजे तोच बंद पडलेला सीडी ड्राइव्ह. त्याचा ट्रे उघडत नव्हता, लेन्स गेलेली होती, पण केबलवर तो 'मी आहे' इतकं इमानेइतबारे सांगत होता. तो काढला आणि मास्टर अडकून बसला. सुरुवातीची ती लांबलचक शांतता याचीच होती. यूएसबी कन्व्हर्टरवरही हाच जंपर तसाच राहिला होता, म्हणून तिथेही ड्राइव्ह मेलेला ठरला. कन्व्हर्टरसोबत येणारे स्वस्त अडॅप्टर १२ व्होल्टवर अनेकदा लेचेपेचे असतात, तो भाग निराळा. ड्राइव्हच्या स्टिकरवर जंपरची आकृती छापलेली असते. 'मेला' म्हणण्याआधी ती वाचायला अर्धं मिनिट लागतं, आणि दुकानदारांनी तेवढं तरी करावं असं माझं मत आहे.

आयडीईनंतर आलेल्या साटा ड्राइव्हला मास्टर-स्लेव्ह नाही म्हणून जंपरची कटकट संपली असं समजू नका. व्हीआयएच्या व्हीटी८२३७ सारख्या पहिल्या पिढीच्या चिप असलेल्या बोर्डांना ३ गिगाबिटचा ड्राइव्ह लावला तर तो ओळखला जात नाही, कारण वेगाची बोलणीच पुरी होत नाहीत. त्या काळातल्या बऱ्याच ड्राइव्हवर वेग १.५ गिगाबिटवर बांधणारा जंपर असतो, तो लावला की ड्राइव्ह दिसतो.

५.६ जीबी

जंपर 'एकटा'वर आणून मशीन सुरू केलं आणि प्रायमरी मास्टरपुढे नाव उमटलं. शेठचा पुतण्या शेजारी उभा होता, तो ओरडलाच, "आला की! विंडोज येऊ द्या भाऊ." मी मशीनचा स्विच बंद केला.

कारण नाव चुकीचं होतं. स्टिकरवरच्या मॉडेल नंबरशी ताडून पाहिलं तर पहिलं, तिसरं, पाचवं अशी एकाआड एक अक्षरं बिघडलेली आणि मधली सगळी बरोबर. बिघाडही वाटेल तसा नव्हता: ४ च्या जागी ०, ६ च्या जागी २, डी च्या जागी ॲट द रेटचं चिन्ह. आणि क्षमता ४० जीबीऐवजी ५.६ जीबी.

क्षमता कमी दिसली की जाणकार माणूस बायोसच्या मर्यादेकडे वळतो. त्या मर्यादा ठरलेल्या आहेत: ५२८ एमबी, ८.४ जीबी, काही अवॉर्ड बायोसची ३३.८ जीबी, आणि २८ बिटी पत्त्यांची १३७ जीबी. क्षमता मुद्दाम आखडणारे जंपरही असतात, ते बहुधा ३२ जीबी दाखवतात. ५.६ यातल्या कशातच बसत नाही, म्हणून मी काटा पावतीच्या पाठीवर आकडेमोड केली.

आयडीई केबलमध्ये डेटाच्या १६ लाइन असतात, ० ते १५. बोर्डाने 'तू कोण' असं विचारलं की ड्राइव्ह आपलं नाव, क्षमता वगैरे पाठवतो, एका वेळी १६ बिट म्हणजे दोन अक्षरं. वरच्या आठ लाइनींवर पहिलं अक्षर, खालच्या आठवर दुसरं. वरच्यांपैकी एकच लाइन तुटली तर प्रत्येक जोडीतलं पहिलंच अक्षर बिघडणार. अक्षरांच्या संकेतांकांमध्ये नेमका ४ चा फरक पडतोय, म्हणजे गेलेला बिट त्या अक्षरातला ४ किमतीचा, म्हणजेच लाइन १०.

आता क्षमता बघा. ४० जीबीच्या ड्राइव्हमध्ये ७,८१,६५,३६० सेक्टर असतात. ही संख्या १६-१६ बिटांच्या दोन तुकड्यांत येते. लाइन १० सतत शून्यच वाचली जात असेल तर खालच्या तुकड्यातून १,०२४ जातात आणि वरच्या तुकड्यातून त्याच्या ६५,५३६ पट, म्हणजे ६,७१,०८,८६४. उरतात १,१०,५५,४७२ सेक्टर. प्रत्येकी ५१२ बाइटने गुणलं की ५.६६ जीबी. पडद्यावरचा आकडा हाच होता.

लाइन १० कनेक्टरच्या ८ नंबरच्या पिनवर असते. केबल काढून दोन्ही टोकांच्या आठव्या छिद्रांत मीटरच्या सुया घातल्या, जोड असल्याचा आवाज नाही. ड्राइव्हकडचा कनेक्टर दाबून धरला की यायचा, सोडला की जायचा. साफसफाईत केबल काढताना कनेक्टर न धरता पट्टी ओढली गेली होती आणि आतली पकड सुटली होती.

लाइन १० च्या जागी ० ते ७ मधली कुठलीही गेली असती तर ड्राइव्ह बहुधा दिसलाच नसता. बोर्डाचे हुकूम आणि ड्राइव्हची उत्तरं त्या खालच्या आठ लाइनींवरूनच चालतात. वरच्या आठ फक्त डेटा वाहतात. म्हणून त्यातली तुटली तर संभाषण सुरळीत चालतं आणि माल तेवढा नासका येतो.

विंडोज न येऊ देण्याचं कारणही हेच. बायोस बूट सेक्टरच्या (ड्राइव्हच्या अगदी पहिल्या तुकड्याच्या) शेवटी, सोळा आधारी लेखनातले ५५ आणि एए असे दोन बाइट तपासतो. एए मध्ये तो गेलेला बिट मुळातच शून्य आहे. तेव्हा ती खूण या तुटक्या केबलमधूनही जशीच्या तशी आली असती, आणि बायोसने ड्राइव्ह ठणठणीत समजून पुढचा बिघडलेला कोड चालवायला घेतला असता. त्याहून वाईट म्हणजे कोणी स्टार्टअप फ्लॉपी घालून स्कॅनडिस्क हा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम चालवला असता तर. अल्ट्रा डीएमए पद्धतीत प्रत्येक खेपेला सीआरसीची पडताळणी असते, पण डॉसच्या वाटेने अनेकदा साध्या पीआयओ पद्धतीने काम होतं आणि तिथे पडताळणीच नाही. स्कॅनडिस्कला सगळा एफएटी (कोणती फाइल कुठे आहे याचा तक्ता) खराब दिसला असता. त्याने तो 'दुरुस्त' करून त्याच तुटक्या लाइनीतून परत लिहिला असता. मेला म्हणून कपाटात ठेवलेल्या ड्राइव्हमधला डेटा तरी शाबूत असतो.

नक्कल

ड्राइव्ह जळगावला माझ्या टेबलावर आणला. जुन्या ड्राइव्हसाठी मी एक आयडीईवाला बोर्ड जपून ठेवला आहे. त्याला नवी ८० तारांची केबल लावली, निळं टोक बोर्डाकडे आणि ड्राइव्ह शेवटच्या काळ्या कनेक्टरवर. एकटा ड्राइव्ह मधल्या करड्या कनेक्टरवर लावून पुढचा तुकडा लोंबता सोडला तर सिग्नल त्या मोकळ्या टोकावरून परत फिरतो. आता नाव अक्षर-अक्षर बरोबर आलं आणि क्षमताही.

तरीही त्यावरून विंडोज सुरू केलं नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून ड्राइव्ह माउंट न करता, म्हणजे त्यावरच्या फाइली उघडू न देता, जीएनयू डीडीरेस्क्यूने अख्ख्या ड्राइव्हची प्रतिमा नव्या डिस्कवर घेतली. हा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो आणि अडणारे सेक्टर नंतरसाठी ठेवतो. कुठवर आलो याची नोंद वेगळ्या फाइलमध्ये राहते, म्हणून मध्ये वीज गेली तरी तिथूनच पुढे चालू करता येतं. तापमानावर लक्ष ठेवायला शेजारी टेबलफॅन लावला. थोडेसे सेक्टर शेवटपर्यंत आले नाहीत.

इथवर येऊनही ड्राइव्ह दिसला नसता तर मी आणखी एकच गोष्ट केली असती. सर्किट बोर्डाचे टॉर्क्स स्क्रू काढून, आतल्या भागाला टेकणारे त्याचे काळवंडलेले संपर्क पेन्सिलच्या खोडरबरने पुसले असते. जुन्या ड्राइव्हमध्ये यानेही जीव येतो. त्यापुढे लॅब. झाकण उघडायचं नाही: हेड प्लेटपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं आणि रुईचा तंतू त्याच्या हजारपट जाड असतो. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय अजून लोक सांगतात. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि उरलंसुरलंही जातं.

फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलची रचना सरळ असते. सुरुवातीला शीर्षक, त्यात नोंदींची संख्या आणि एका नोंदीची लांबी, मग सगळ्या नोंदी सारख्या मापाच्या ओळीने. त्यामुळे कोणते सेक्टर गेले हे कळलं की कोणत्या पावत्या गेल्या तेही काढता येतं. इथे एक नोंद १२८ बाइटची होती, म्हणजे एका सेक्टरमागे चार-पाच पावत्यांना धक्का. ते पावती क्रमांक अप्पांना दिले. त्यांनी स्थळप्रतींची बुकं काढून वजनं परत भरली. इंडेक्सच्या फाइली फोडून नव्याने बांधल्या.

काट्यावर आता दुसरं मशीन आहे. ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी डॉस प्रोग्रॅम चालत नाही, म्हणून आत व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभं केलेलं मशीन) करून त्यात जुनं विंडोज ठेवलं आणि इंडिकेटरची वायर यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरने जोडली. शेठना एकदम नवा प्रोग्रॅम घ्यायला मी सुचवलं होतं. ऐन हंगामात नको म्हणाले, ते मला पटलं.

हंगामवार बेरजा काढल्या तेव्हा गेल्या हंगामाचं एकूण वजन अप्पांच्या अंदाजापेक्षा बरंच कमी भरलं. त्यांना ते पटेना, "इतला कापूस कमी नही व्हता," म्हणून अडून बसले. ते बरोबर होते. बॅटरी दसऱ्याला नव्हे, हंगामाच्या शेवटी शेवटीच बसलेली होती. रात्री मेन स्विच बंद झाला की सकाळी घड्याळ २००२ सालात जायचं आणि घाईत कोणी तारीख बघत नव्हतं. त्या सगळ्या पावत्या २००२ च्या जानेवारीत जमा होऊन हंगामाच्या बेरजेतून बाहेर पडल्या होत्या. पावती क्रमांक मात्र सलग होते. आधीच्या आणि नंतरच्या क्रमांकांवरून अप्पांनी एकेक तारीख लावून दिली, दोन्ही भावांनी त्या यादीवर सह्या केल्या, मगच मी फाइलमधल्या तारखा बदलल्या. बदलण्याआधीची प्रत वेगळ्या डिस्कवर दोघांकडे एकेक दिली आहे.